इंजिनाचा आवाज

आमच्या काचीगुड्याच्या इमारतीत पुण्याहून बदलून आलेले एक गृहस्थ राहतात. विमान अपघातांची चौकशी हे त्यांचं काम. कुणी "मला वाटतं" म्हटलं की ते लगेच अडवतात, "काय पाहिलंत तेवढं सांगा."

मध्यंतरी शहराबाहेर एक छोटं विमान उडता उडताच कोसळलं आणि ते चालवायला शिकणारी मुलगी गेली. चहाच्या हॉटेलात सगळे म्हणाले, "हौ, पोरीचीच चूक!" चौकशी ह्यांच्याकडे आली.

त्यांना तेलुगू येत नाही, म्हणून मला सोबत नेलं. धावपट्टीशेजारी शेळ्या चारणाऱ्या बाईला त्यांनी इंजिनाचा आवाज तोंडानं काढायला सांगितला. ती लाजली, मग घुर्र करत राहिली, मध्येच खोकल्यासारखी अडकली आणि गप्प झाली. त्यांनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा काढायला लावला.

परतताना मी विचारलं, "म्हणजे मुलीची चूक नव्हती?"

"एवढ्यावरून नाही सांगता येत."

माझी जुनी स्कूटर रोज सकाळी सुरू होताना खोकते. हल्ली तेव्हा ते दुधाची पिशवी घेऊन फाटकाशी थांबतात. माझ्याकडे बघत नाहीत. पण ती एका सुरात चालू लागल्याशिवाय घरातही जात नाहीत.