थंड तेल

शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीतून आम्ही दोघी निघालो तेव्हा भाताची कापणी उरकली होती. एसटीच्या टपावर माझी ट्रंक होती आणि पारूचं तांदळाचं बोचकं. पारू माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान, नवऱ्यानं टाकलेली. माझे मालक कोल्हापुरात फौंड्रीत होते, मी त्यांच्याकडं चालले होते. मावशीनं ऐनवेळी पारूलाही माझ्या शेजारी बसवलं. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "शांते, हिला काय कळत न्हाय. तू शिकलेली हाईस. हिच्या म्होरं तू ऱ्हा."

मी चौथीपर्यंत शिकले होते. पारू शाळेत गेलीच नव्हती. आमच्या वाडीत तेवढ्या फरकालाही शिकलेली म्हणत.

कसबा बावड्यात आमची एक खोली होती. हंगामात साखर कारखान्याचा वास दारं लावली तरी आत यायचा. पारू म्हणायची, "आक्का, वास गोड आन् च्यात साखर न्हाय, ह्ये कसलं गाव?" वाडीत पहाटे दाराशी धुकं असायचं, इथं मळीचा वास. पारूला हसायला कारण लागत नसे. मला परक्या माणसासमोर तोंड उघडायला जमत नसे. ती नसती तर ती पहिली दोन वर्षं मी कशी काढली असती कोण जाणे.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. शिरोलीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात आम्हाला काम मिळालं. ट्रॅक्टरच्या एका भागात पितळेचं बुश, म्हणजे जाड कड्यासारखी नळी, दाबून बसवायचं. त्यासाठी तेलावर चालणारे प्रेस होते. पंप तेल ढकलणार, तेल दट्ट्याला खाली ढकलणार. हातातला दांडा ओढला की दट्ट्या खाली, सोडला की वर. दट्ट्या वर गेला हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच हात आत घालून माल काढायचा.

थंडीत सकाळी तेल घट्ट व्हायचं. रविवारच्या सुट्टीनंतर तर दट्ट्या वर जायलाच मागायचा नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आम्ही प्रेस पंधरा-वीस वेळा रिकामाच खालीवर करायचो, की तेल तापून सैल व्हायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पारू म्हणायची, "आधी त्याला चूळ भरू दे, मग कामाला लाव."

मग कारखान्याच्या मालकानं प्रेस आपोआप चालणारे करायचं ठरवलं. त्यासाठी एक तरुण इंजिनिअर आला, सर म्हणायचे त्याला. मऊ बोलणारा. त्यानं आमचा प्रेस कॉम्प्युटरमध्ये उभा केला होता. पंप, पाईप, व्हॉल्व्ह, दट्ट्या, सगळं आकड्यांत. बटण दाबलं की पडद्यावर एक लाल रेघ चढायची, उतरायची. ती रेघ आणि खरा दट्ट्या एका चालीनं चालतात का, हे त्याला घड्याळ लावून बघायचं होतं.

मापं घ्यायच्या दिवशी तो नऊला येणार होता. आम्ही दोघी सातलाच गेलो. प्रेस पुसला, सांडलेलं तेल निपटलं आणि चाळीस वेळा तरी रिकामा चालवला. पाहुणा येणार म्हटल्यावर घर सारवतात तसं. आमचं मशीन नीट दिसावं एवढंच मनात होतं.

सरांनी मापं घेतली. रेघ आणि दट्ट्या तंतोतंत जुळले. पारू माझ्या कानात म्हणाली, "ह्यो मशीन मोजतोय का पोरगी बघतोय? पसंत पडलेली दिसतीया." मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात सर माझ्याकडं वळले. "ताई, हे रोज असंच चालतं ना? सकाळी सुरू केल्या केल्या पण?"

मालक बघत होते. सुपरवायझर बघत होता. सकाळी तेल थंड असतं, आज आम्ही ते आधीच तापवून ठेवलंय, हे मला सांगायचं होतं. पण ज्यानं अख्खं मशीन कॉम्प्युटरात घातलं त्याला चौथी शिकलेल्या बाईनं काय सांगायचं?

मी मान हलवली.

नवीन पॅनेल बसलं. आता दांडा नव्हता, दोन बटणं होती. तयार माल बाहेर ढकलायला हवेच्या दाबावर चालणारा एक लोखंडी हात आला. दट्ट्या किती वेळात वर जाणार, हवेचा हात कधी पुढं येणार, सगळं कॉम्प्युटरवर ठरलेलं. आम्ही सकाळी प्रेस रिकामा चालवायला लागलो तर सुपरवायझर ओरडला, "ओ बायांनो, मशीनला व्यायाम द्यायला ठेवलंय व्हय तुमाला? शेकंदाचा हिशेब झालाय. माल घाला!" मी माल घालायला घेतला.

पौषातला सोमवार होता. पहिलाच नग. तेल गोठल्यासारखं झालेलं, दट्ट्या अर्ध्यावर रेंगाळला. हवेला थंडी वाजत नाही, ती वेळेवर आली. लोखंडी हात पुढं येऊन दट्ट्याला अडला. अडकलेला नग सोडवायला पारूनं उजवा हात आत घातला. मग दट्ट्या सावकाश वर गेला आणि मागं तुंबलेल्या हवेनं तो लोखंडी हात एकदम पुढं फेकला.

पारूची दोन बोटं गेली. मी शेजारच्याच प्रेसवर होते.

दोन दिवसांनी सर आले. चेहरा उतरलेला. त्यांनी पुन्हा मलाच विचारलं आणि या खेपेला मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "ताई, हे आधी सांगायचं की हो," एवढंच म्हणाले. आठवडाभर ते सकाळी सातला येऊन थंड मशीनची मापं घेत होते. शेवटी दट्ट्याच्या वरच्या टोकाला त्यांनी एक खटका बसवला. दट्ट्या त्याला टेकल्याशिवाय आता हवा सुटत नाही. एवढा अंगठ्याएवढा खटका.

पारू वाडीला परत गेली. विचारेल त्याला सांगते, "माजीच घाई नडली. हात घाल म्हणून कुणी सांगितलं हुतं?" मावशी अजून एसटीच्या कंडक्टरकडं माझ्यासाठी नवे तांदूळ देते. ते तांदूळ मी निवडते, शिजवते, खाते. घास अडत नाही, याचीच मला चीड येते.

वाडीत म्हणतात, शांताला शहराचा माज आला, वर्षानुवर्षं फिरकत न्हाय. म्हणू देत. पत्र लिहावं तर पारूला वाचता येत नाही. तिचा भाऊ सोप्यात बसून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार. म्हणून ही वही.

वाडीत आमच्या घराकडं जायची वाट पारूच्या अंगणातून जाते, दुसरी वाट नाही. ती मला बघून हसत बाहेर येईल, डाव्या हातानं चहा देईल. तेव्हा मला सांगावं लागेल, की बाई, तुझी चूक नव्हती, मला ठाऊक होतं आणि मी मान हलवली. एका परक्या माणसाला मी हे सांगू शकले. तिला सांगायचं धैर्य होईपर्यंत मला माहेर नाही.