एकोणसाठ नंबरचं विमान

त्या रविवारी नेरूळच्या तलावाकाठी विमानांच्या कसरती होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट... पार शिरवणे, सानपाड्याची माणसं सकाळपासून चटया टाकून बसली होती.

माझे सासरे, नाना, मात्र घरी पलंगावर होते. खुब्याचं हाड मोडलेलं. जन्मभर विमानांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, आणि विमानं दाराशी आली तेव्हा उठता येईना.

त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला होता. नानांनी बारा वर्षं सांभाळलेलं विमान शेवटचं उडणार होतं, मग मोडीत निघणार. "सूनबाई, शेपटीवर नंबर आहे, एकोणसाठ. तेवढा फोटो आण," एवढंच ते म्हणाले.

मी पडले कॉन्व्हेंटची. साठ आणि वर नऊ, म्हणजे सिक्स्टी-नाइन, असा मनाशी हिशेब केला... विचारून घ्यायची लाज वाटली.

कॅमेरा ह्यांचा, रोल छत्तीसचा. विमानं पाण्यावरून इतकी खाली यायची की शेपटीवरचे आकडे सहज वाचता येत. ६९ आलं की मी बटण दाबायचे, दुसरं आलं की कॅमेरा खाली.

शेजारच्या शिर्केवहिनी साताऱ्याकडच्या. एक विमान उलटं होऊन गेलं तशा म्हणाल्या, "अवो, ह्याचा बी काढा की. किती झ्याक फिरलं."

"रोल संपेल हो."

"मग काय लोणचं घालताय रोलचं?"

मी हसले. त्या विमानावर ५९ होतं... मी नीट वाचलं होतं.

चार दिवसांनी फोटो धुऊन आले. नानांनी चष्मा लावून एकेक पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मी पलंगाशी उभी, शाबासकीची वाट बघत.

"छान आलेत," ते म्हणाले. त्यातला एक त्यांनी फ्रेम करून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हे माझं विमान. सुनेनं काढलंय."

दोनेक वर्षांनी लेकीचा मराठी अंकांचा अभ्यास घेत होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ... ती म्हणत गेली आणि माझं बोट पुस्तकावर थांबलं. साठाला एक कमी.

मी तशीच नानांकडे गेले. "नाना, ते तुमचं विमान नाही. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "हँगरमध्ये ते शेजारीच उभं असायचं. परकं नाही काही."

"पण तुमचा फोटो राहिलाच ना..."

"तू उन्हात चार तास उभी होतीस, ते शिर्केवहिनींनी सांगितलंय मला. जा, पोरीचा अभ्यास घे."

एकोणसाठ तोवर भंगारात गेलेलं होतं, दुसरा फोटो मिळणं शक्य नव्हतं. त्यानंतरही कुणी आलं की नाना फ्रेमकडे बोट करून तेच सांगायचे, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड थोडी थांबायचे... माझ्या चुकीवर इतक्या मायेनं पांघरूण माझ्या माहेरीही कुणी घातलं नव्हतं.