चालत आलेली शाळा

ट्रॅक्टरचा पत्ता नव्हता, आणि साहेबांची गाडी आउटर रिंग रोड सोडून उमरेड रोडला लागल्याचा फोन येऊन गेला होता. मी नव्याने रंगवलेल्या एका खोलीसमोर उभी होते. दाराला झेंडूचं तोरण, भिंतीत संगमरवरी पाटी, आत ओळीने बाकं. मुलं तेवढी नव्हती.

मुलं पलीकडच्या गावच्या शिवारात होती. त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एका दिवसापुरतं इथे आणायचं, ही व्यवस्था मीच केली होती.

हे नीट सांगायला हवं. आमची संस्था नागपूरच्या आसपास वीटभट्ट्यांवर शाळा चालवते. भट्ट्यांवर विटा पाडायला छत्तीसगडकडून कुटुंबं येतात. दिवाळीनंतर येतात, पाऊस लागायच्या आधी जातात. मुलं सोबतच असतात, म्हणून गावाकडची शाळा सुटते आणि इथली मिळत नाही. आमची शाळा त्यांच्या झोपड्यांजवळच भरते. सकाळी ओल्या विटा पलटवून झाल्या, की मुलं येतात.

माझं काम फंडरेझिंगचं, म्हणजे या शाळांसाठी पैसे मिळवायचं. ऑफिस नागपुरात, सदरला. कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो, त्याला सीएसआर म्हणतात. तो आपल्याकडे वळवायचा, त्यासाठी प्रस्ताव लिहायचे. या कामात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. देणाऱ्याला दिसणारी वस्तू आवडते. खोली, बाकं, कॉम्प्युटर. याला आमच्या भाषेत भांडवली खर्च म्हणतात. बाईंचा पगार, खडू, पाणी, हा चालू खर्च. तो दरवर्षी संपतो आणि दरवर्षी परत मागावा लागतो. शिवाय पगाराचा फोटो निघत नाही.

मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला, तेव्हा या शेतात असलेल्या भट्ट्यावर काहीतरी करायचं होतं. मी खोली सुचवली. खोलीसोबत बाईंचा पगारही प्रस्तावात बसवला, जेवणाच्या ताटात लोणचं वाढावं तसा. प्रस्ताव पास झाला. भट्टामालकाने शेताचा कोपरा फुकट दिला. खोली झाली, पाटी लागली, टाळ्या झाल्या.

भट्टा एका जागी राहत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. एका शेतातली माती संपली, की मालक दुसरं शेत भाड्याने घेतो. या शेतात माती किती उरली आहे, हे उद्घाटनाच्या दिवशी नुसतं खड्ड्याकडे पाहूनही कळत होतं. मी पाहिलं होतं. आणि मग मांडवाकडे तोंड करून उभी राहिले होते.

पुढच्याच हंगामात भट्टा हलला. शाळाही हलली. खोलीत मालकाने जनावरांचं कुटार, म्हणजे सुका चारा, भरलं. रिपोर्टमध्ये मी मुलांची हजेरी लिहीत राहिले. हजेरी खरी होती. जागा लिहिली नाही, कारण जागेसाठी रकाना नव्हता. एवढी हुशारी मी दाखवली.

आता कंपनीचे सीएसआरचे प्रमुख टेंभरे साहेब स्वतः येणार होते. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हे या भेटीवर ठरणार होतं. नाही म्हणाले, तर प्रणालीचा पगार बंद. प्रणाली म्हणजे भट्ट्यावरची आमची शिक्षिका, उमरेडकडची मुलगी. पगार बंद म्हणजे शाळा बंद. दुसरा दाता माझ्याजवळ नव्हता.

आमचे सचिव देशकर सर म्हणाले होते, "एका दिवसाचा प्रश्न आहे. मुलं तीच, बाई तीच, खोली त्यांचीच. यात खोटं काय आहे, सांगा."

मी ट्रॅक्टर ठरवला आणि कुटार काढायला माणसं लावली.

अखेर प्रणालीचा फोन आला.

"मॅडम, ट्रॅक्टरचं टायर बसलं."

"मग?"

"मंग काय, पैदल निघालो. पाटाच्या काठानं येऊन राहिलो."

"अगं, एवढं अंतर? लहान मुलं आहेत."

"तुम्हीच म्हणाल्या, आणाच म्हणून. अन् मॅडम, सामान पण आहे."

"सामान कशाला? इथे सगळं आहे!"

"मी सांगतलं. पोट्टे ऐकतात का? म्हणे शाळा तिकडं चालली, तं सामान इथं काहून ठेवाचं?"

फोन कटला आणि पांढरी गाडी बांधावर येऊन थांबली.

टेंभरे साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. ऑफिसात इंग्रजी बोलायचे, शेत दिसलं की गावच्या बोलीत सुटायचे. उतरल्याबरोबर त्यांनी हवा ओढून घेतली. "कुटाराचा वास येऊन राहिला, नाही?"

"शेती आहे ना साहेब आजूबाजूला," देशकर सर म्हणाले.

"पोरं कुठं आहेत?"

देशकर सरांनी घड्याळात पाहिलं. तेवढ्यात साहेबांनीच डोळ्यांवर हात धरला. "अन् हे कोण येऊन राहिले?"

पाटाच्या काठाने एक रांग येत होती.

आधी फक्त डोकी दिसली, आणि डोक्यांवर काहीतरी. मग जवळ आल्यावर कळलं. सगळ्यांत पुढे दोन मुलं गुंडाळलेली सतरंजी खांद्यावर घेऊन येत होती, बैलजोडीसारखी एका चालीने. मागे एकाच्या डोक्यावर फळा, उन्हात चमकणारा. पुस्तकांची पत्र्याची पेटी दोन मुलींनी दोन कड्यांना धरलेली. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हातात पाट्यांची पिशवी. पाण्याचा निळा ड्रम, रिकामा, एका मुलाच्या पाठीला दोरीने बांधलेला. कोणाच्या हातात झाडू, कोणाजवळ खडूचा डबा. एकाजवळ नांगराची जुनी लोखंडी तबकडी आणि एक बोल्ट. ती घंटा. सगळ्यांत शेवटी एक अगदी लहान मुलगी, दोन्ही हातांनी छातीशी डस्टर धरून, पाऊल जपून टाकत. रस्ता ओलांडून द्यायला दोन बाप सोबत आले होते, हातांची माती न धुता.

"रॅली आहे साहेब," देशकर सर पटकन म्हणाले. "शिक्षण रॅली."

"वा," साहेब म्हणाले आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागले.

मी मात्र बघत राहिले. भट्ट्यावरच्या शाळेतली प्रत्येक वस्तू एकेका मुलाच्या ताब्यात असते. संध्याकाळी ती त्याच्या झोपडीत जाते, सकाळी परत येते. भट्टा हलला, की कुटुंबासोबत वस्तूही हलते, आणि नव्या जागी सगळ्या वस्तू एकत्र आल्या की तिथे शाळा. हे मला माहीत होतं. दरवर्षी रिपोर्टमध्ये 'मुलांचा सहभाग' या मथळ्याखाली मी ते दोन ओळींत लिहायचे. पाहिलं कधीच नव्हतं.

मुलं पोचली. प्रणालीने खोलीकडे बोट दाखवलं. एक-दोघांनी दारातून आत डोकावलं आणि मागे फिरली. मग कोणी काही न सांगता झाडूवाल्या मुलाने खोलीच्या सावलीतली जमीन झाडायला घेतली. झाडून होते न होते तोच सतरंजी पसरली. फळा कडुनिंबाला टेकला आणि मागे एक वीट गेली. ड्रम हातपंपाकडे गेला आणि भरून दोघांच्या हातात डुलत परत आला. पेटी उघडली, पाट्या वाटल्या गेल्या. कडेवरचा भाऊ सतरंजीच्या कोपऱ्यात ठेवला गेला, जणू त्याची जागा तिथेच ठरलेली. डस्टरवाली सगळं होईपर्यंत फळ्याजवळ सरळ उभी होती. डस्टर फळ्याखाली ठेवलं, तेव्हाच बसली. मग तबकडीवर बोल्ट पडला. ठण्ण.

शेतात एक शाळा होती. काही क्षणांपूर्वी नव्हती.

या नोकरीत मी किती उद्घाटनं पाहिली असतील. अंगावर काटा त्या दिवशी पहिल्यांदा आला.

प्रणालीने शिकवायला सुरुवात केली. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी चपला काढल्या आणि सतरंजीच्या काठाशी उकिडवे बसले. शेजारी पाट्यांची पिशवी आणणारी मुलगी होती, फुलेश्वरी.

"बेटा, तुम्हारा स्कूल कौन सा है?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. तिने सतरंजीवर थाप मारली. "ये."

"और वो कमरा?"

"वो तो इनका है." तिने पाटीकडे हनुवटी उडवली. "नाम लिखा है ना."

"पढ़ना आता है?"

ती उठली. पाटीसमोर जाऊन बोट लावत वाचायला लागली. कंपनीचं लांबलचक नाव, न अडखळता. मग, "यां-च्या... सौ-ज-न्या-ने." वळून तिने प्रणालीला विचारलं, "बाई, सौजन्याने मतलब?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. देशकर सरांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

पूर्वीच्या भट्ट्यावर हीच मुलगी अक्षरं गिरवायची. आज कोनशिला वाचत होती. ती जिथे वाचायला शिकली ती शाळा आम्ही चालवत होतो, आणि मी मात्र पैसे मागताना ती लपवून खोली दाखवत होते.

"साहेब," मी म्हणाले, "ही रॅली नाही."

"मॅडम," देशकर सर म्हणाले.

"भट्टा इथून हलला आहे. मुलं आता तिकडे पलीकडे राहतात. आज तुम्हाला दाखवायला बोलावली. ट्रॅक्टर आला नाही म्हणून चालत आली. खोलीत कालपर्यंत कुटार होतं."

साहेब उभे राहिले. चपला घातल्या. मग शांतपणे विचारलं, "भट्टा हलन, हे तुम्हाले खोली बांधाच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"मंग बांधली काहून?"

"तुम्ही खोलीलाच पैसे देत होतात म्हणून."

"म्हणजे माह्या माथी?"

"नाही. प्रस्ताव मी लिहिला. तुम्ही विचारलं असतंत, तर भट्टा हलणार नाही, असंच मी तेव्हाही सांगितलं असतं."

  हे बोलले आणि माझ्याच तोंडाने प्रणालीचा पगार घालवला, एवढं स्पष्ट कळलं.

साहेब मुलांकडे वळले. "मलेही वरती फोटो दाखवा लागते मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग होता आणि आणखीही काहीतरी. "या खोलीसमोर माह्या डायरेक्टरनं फीत कापली. त्याले आता सतरंजी दाखवू?"

 ते गाडीत बसले आणि गेले.

शाळा सुटली. तबकडी वाजली, आणि जशी उभी राहिली तशीच शाळा उचलली गेली. फळा डोक्यावर, पेटी दोन हातांत, भाऊ कडेवर. उरलेलं पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं. रांग पाटाकडे निघाली. आमची सुमो लहानांना सोडायला तयार होती, पण डस्टरवाली रांग सोडायला तयार होईना. रांग गेल्यावर तिथे झाडलेला चौकोन तेवढा राहिला, आणि मागे आमची खोली, तोरणासकट.

आम्ही सदरला परतलो. उतरताना देशकर सर म्हणाले, "खरं बोललात, छान केलंत. आता पगारही तुम्हीच द्या."

झालं ते असं. कंपनीने मदत थांबवली आणि लेखी खुलासा मागितला. मी तो लिहिला, एकही शब्द मऊ न करता. मला फंडरेझिंगमधून काढून फील्डवर टाकलं. ऑफिसच्या हिशेबाने ती शिक्षा होती. प्रणालीचा पगार अडला. ती शिकवत राहिली, पण मला सोडलं नाही. "खरं बोलाचं होतं मॅडम, तं पगार झाल्यावर बोलाचं ना! दोन दिवसांचाच तं प्रश्न होता."   गांधीबागेतल्या एका कापडवाल्याने मधले महिने निभावून नेले. त्याने शाळा पाहिलीही नाही. "बाईला द्या म्हणता ना, मग बाईला द्या," म्हणाला.

हंगाम संपता संपता टेंभरे साहेबांचा फोन आला. पगारापुरती रक्कम मंजूर झाली होती. खोलीचं नाव कोणी काढलं नाही. एक अट होती, कंपनीचं नाव कुठेतरी दिसायला हवं. मी प्रणालीला विचारलं, तिने मुलांना विचारलं. नाव आता निळ्या ड्रमवर आहे, पांढऱ्या ऑइलपेंटने, फुलेश्वरीच्या अक्षरात. तीन भट्टे फिरून आलं आहे. साहेबांनी वरती त्याचाच फोटो दाखवला म्हणे.

खोली तिथेच आहे. त्या पैशात किती वर्षं शाळा चालली असती, हे गणित मी केलेलं आहे. इथे लिहीत नाही. उमरेड रोडने जाताना मी त्या बाजूला बघते, कारण न बघण्याची सवय मला आधीच पुरेशी होती.

प्रस्ताव आता परत माझ्याकडे आले आहेत. त्यात 'इमारत' असा एक रकाना असतो. मी तिथे 'लागू नाही' लिहिते. दरवर्षी कुठल्या तरी कंपनीतून कोणीतरी फोन करतं, मॅडम, हा रकाना भरायचा राहिला आहे का?

राहिलेला नाही, म्हणते. या एकदा बघायला. फक्त आधी फोन करा, शाळा कुठे आहे ते विचारून सांगते.