खिळ्यांचं साळिंदर

रस्त्यात पडलेला गंजका तुकडा उचलायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि म्हणायचं, "ह्याच्यात जनावर हाय." आमच्या सिडकोतल्या पंक्चरवाल्याची ही रोजची सवय. तुम्हाआम्हाला दिसायचा तुटका ब्रेकचा दांडा, त्याला बगळ्याची मान.

घोटीकडच्या डोंगरातला किरकोळ माणूस, मान कायम खाली. सकाळी दुकान उघडण्याआधी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून गल्लीभर ओढत न्यायचा, लोक कुत्रं फिरवतात तसा. त्याला चिकटलेले नट, वॉशर, स्प्रिंगा, खिळे डब्यांत जायचे. दुपारी शेजारचा ग्रिलवाला जेवायला बसला की त्याच्या वेल्डिंग मशीनवर ह्याची जनावरं जन्माला यायची. माझ्या स्कूटीच्या स्टँडची हरवलेली स्प्रिंग मी एका माकडाच्या शेपटीत ओळखली आणि परत मागितली. हा गंभीरपणे म्हणाला, "देतो की. पण माकडाला इचारा." मी काही विचारलं नाही. शेपटी छान शोभत होती.

आता माझा पराक्रम ऐका. मी शाळेत क्लार्क, जीभ पहिल्यापासून तिखट. एका महिन्यात माझी गाडी तीनदा पंक्चर झाली. तिसऱ्या वेळी त्याच्या दुकानात लांब खिळ्यांनी काठोकाठ भरलेला डबा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, हे एवढे कशाला?

"साळिंदरासाठी हाय, ताई."

सगळे खो खो हसले. मी हसले नाही. आधी रस्त्यावर खिळे पेरायचे, मग पंक्चर काढायचं, बरा धंदा आहे, असं मोठ्यांदा सुनावलं. त्याने मान वर केली नाही. "मी येचतो, ताई. टाकत नाय," एवढंच म्हणाला आणि चाकात हवा भरून दिली.

हा हा म्हणता गोष्ट गल्लीभर झाली. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. दुकान फुटपाथवरून हटवावं असा अर्ज निघाला, त्यावर पहिली सही माझी. ह्या दुकानावर त्याच्या दोन मुली शिकतायत हे मला ठाऊक होतं, तरी केली. रागात माणूस गाढव होतो. मी तर पदवीधर गाढव.

अर्जावर सह्या गोळा होत होत्या, तेवढ्यात तो भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावी गेला. आम्ही निश्चिंत झालो. आता कसली पंक्चरं! कसलं काय, दहा दिवसांत गल्लीतल्या सात गाड्या बसल्या. माझी दोनदा. दुसऱ्यांदा गाडी ढकलत होते, तर पुढून नव्या इमारतीच्या बांधकामाचा ट्रॅक्टर चालला होता, स्लॅबच्या जुन्या, खिळे ठोकलेल्या फळ्यांनी भरलेला. खड्ड्यात आदळला आणि माझ्या पायांपुढे टपाटप खिळे पडले. लांब, अगदी त्या डब्यातल्यासारखे.

गाडी तशीच ढकलत दुकानापाशी आले. दुकान बंदच होतं. ग्रिलवाल्याला सगळं सांगितलं. तो आपल्या दुकानात गेला आणि त्याने कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली साळिंदर होतं. पालथ्या फुटक्या घमेल्याचं अंग, बेअरिंगच्या गोळ्यांचे डोळे आणि पाठीवर शेकडो खिळे, नुकतंच कशाला तरी भ्यायल्यासारखे ताठ उभे. अर्धी पाठ अजून उघडी होती. आमच्या टायरांत न घुसलेला एकेक खिळा त्याने तिथे लावला होता.

मी अर्ज फाडला. सह्या केलेल्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. दोघांनी तोंड वाकडं केलं, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. मग तो येईपर्यंत रोज सकाळी वाकून वाकून खिळे वेचले. कंबरेचे टाके ढिले झाले, पण श्रीखंडाचा किलोचा डबा भरला.

तो परतल्याचं कळताच डबा घेऊन गेले. ट्रॅक्टर, अर्ज, सही, सगळं सांगून टाकलं. "चुकले मी," म्हटलं.

त्याने झाकण उघडलं, खिळ्यांत बोटं फिरवली आणि त्याचा चेहरा उतरला.

"एवढे पडले? लय लोकांचे हाल झाले आसतील," तो म्हणाला. "माझंच चुकलं, ताई. जाताना कोणाला तरी येचायला सांगून जायला पायजे व्हतं."

भर रस्त्यात मला रडू फुटलं.