देवीचा बोकड, आमचा हिरो

बाईच्या डोक्याला मेंदी थापली की तिला तासभर कुठे उठून जाता येत नाही. त्यामुळे आमच्या मसोली गावात माझ्या पार्लरइतके किस्से कुठे साठत नाहीत आणि माझ्याइतके हक्काचे ऐकणारेही कोणाला मिळत नाहीत! पण एवढी वर्षं झाली, एवढ्या नवऱ्या सजवल्या, तरी खुर्चीत बसल्या बसल्या फर्माईश एकच, "ताई, ते बोकडाचं सांगा ना!"

तर ऐका.

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे एका कौटुंबिक विनोदी पिक्चरचं शूटिंग झालं. गोष्ट साधी होती. एक वात्रट बोकड अख्ख्या गावाला सळो की पळो करून सोडतो आणि शेवटी गावातली भांडणंही तोच मिटवतो. प्रोड्यूसर आमचे हसुभाई, डहाणूचे चिकूवाडीवाले. हसुभाई घरात गुजराती बोलतात, बाजारात मराठी आणि चिडले की हिंदी.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "बेन, आपल्या हिरोचे केस बराबर नथी दिसत. जरा येऊन जा ने!"

हिरो म्हटल्यावर मी काय करणार? ठेवणीतली साडी नेसले, ड्रायर घेतला, जेल घेतलं, रिक्षा करून वाडीत पोचले. डायरेक्टर निखिलसर समोरच उभे होते. मी विचारलं, "हिरो कुठायत?"

त्यांनी बोट दाखवलं. हिरो चिकूच्या झाडाला बांधलेले होते आणि रवंथ करत होते!

मी काही बोलायच्या आत हिरो पुढे आले आणि त्यांनी माझा पदर तोंडात घेतला. निखिलसर खूश होऊन म्हणाले, "बघा, तुम्ही त्याला आवडलात!" साडीच्या पदराला अजून भोक आहे. दाखवीन कधीतरी.

* * *

हा हिरो मिळाला कसा, तो वेगळाच किस्सा. निखिलसर लोकेशन बघत तलासरीकडच्या एका पाड्यावर गेले होते. गाडी उभी करून जरा लांब गेले, तर तेवढ्यात एक तपकिरी बोकड बॉनेटवर चढला आणि तिथून टपावर. हॉर्न वाजवला, हलला नाही. पाला दाखवला, पाला खाल्ला आणि परत टपावर बसला. सर टाळ्या पिटायला लागले, "हाच! हाच माझा हिरो!"

बोकडाचे मालक शिडवाकाका. थोडी भातशेती, बाकी मिळेल ती मजुरी. काका शांतपणे म्हणाले, "ह्यो माझा नाय. देवीचा हाय."

काकांची मुलगी बाळंतपणात फार अडली होती. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा काकांनी गावदेवीला बोकड बोलला, आणि पोरगी नि बाळ दोघं सुखरूप घरी आली. नवस होळीनंतर फेडायचा होता. निखिलसरांनी हातापाया पडून तोवर बोकड मागून घेतला. काकांनी दोन अटी घातल्या. होळीच्या आत परत पाहिजे आणि अंगावर ओरखडा नको, कारण देवीला डागी जनावर चालत नाही.

काका स्वतः रोज सेटवर येऊन बसायचे. हसुभाईंनी बोकडाचं नाव 'चिकू' ठेवलं आणि युनिटमधल्या सगळ्यांनी एकमेकांना बजावलं, की होळीचा विषय काढायचा नाही. जो तो रोज मनातल्या मनात दिवस मोजत होता, मीसुद्धा.

* * *

आता चिकूची ॲक्टिंग! स्क्रिप्टमध्ये लिहिलेली एकही खोडी त्याने धड केली नाही. सरपंचाचा हार खायचा सीन होता, तर हाराकडे बघून त्याने तोंड फिरवलं. हार चिकूच्या झाडाच्या पाल्याचा करून पाहिला, तरी नाही. पण जे स्क्रिप्टमध्ये नाही, ते सगळं त्याने मन लावून केलं.

मुख्याध्यापकांचं काम करणारे नट ठाण्याचे होते. डोक्यावर स्वच्छ मैदान, म्हणून मुंबईहून खास विग मागवला होता. दुपारी जेवण झाल्यावर घाम सुकवायला त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि डुलकी काढली. उठून बघतात तर खुर्ची आहे, विग नाही, आणि चिकूच्या तोंडातून एक झुलूप लोंबतंय!

नट केसांसाठी ओरडत होते आणि काका बोकडासाठी. "आरं, देवीच्या बोकडाच्या पोटात कोनाचं केस गेलं?" प्राण्यांचं शूटिंग म्हणून सेटवर गुरांचे डॉक्टर असायचे. त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाले, "काळजी नको. उद्या निघेल."

दुसऱ्या दिवशी काका लांबूनच हात हलवत आले, "निघाला!" पण तो काही परत डोक्यावर घालण्यासारखा नव्हता. निखिलसरांनी डोकं लढवलं आणि पुढच्या सगळ्या सीनमध्ये मुख्याध्यापकांच्या डोक्याला मफलर गुंडाळला. डहाणूच्या त्या उन्हात!

पिक्चर लागला तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "ताई, सिनेमा छान आहे हो. पण त्या हेडमास्तरांची सर्दी शेवटपर्यंत बरी झाली नाही का?"

* * *

एकदा अच्छाडला हायवेच्या कडेचा सीन होता. ट्रकवाल्यांच्या गर्दीत शूटिंग उरकलं आणि सगळे एका धाब्यावर जेवायला उतरले. आमच्या मॅनेजरने सकाळीच फोन करून सांगून ठेवलं होतं, "युनिटसाठी मटण पाहिजे, एकदम ताजं."

चिकूचा टेम्पो धाब्याच्या मागे उभा केला. आम्ही हात धुऊन बसलो, तेवढ्यात धाब्याचा आचारी चिकूची दोरी धरून त्याला मागच्या बाजूला घेऊन निघालेला दिसला. वर आम्हालाच म्हणतो कसा, "साब, इतना ताजा तो कोई नहीं लाता!"

अख्खं युनिट खुर्च्या पाडत धावलं. हसुभाईंची चप्पल एकीकडे, हसुभाई एकीकडे. त्यांनी आचाऱ्याला मिठी मारून अडवलं आणि किंचाळले, "अरे भाई, यह ऑर्डर देनेवालों में से है! यह ऑर्डर नहीं है!"

चिकू मात्र निवांत होता. तेवढ्या वेळात त्याने आचाऱ्याची कोथिंबीर संपवली होती.

त्या दिवशी मटण कोणाच्याच घशाखाली उतरेना. सगळ्यांनी डाळ मागवली. शिडवाकाका इकडे बघतात, तिकडे बघतात. मग म्हणाले, "मना द्या की मटन. ते दुसऱ्या बोकडाचं हाय ना?"

* * *

होळी जवळ आली आणि हसुभाईंची झोप उडाली. हा माणूस जन्मात कधी मांसाला शिवला नाही. सेटवर यायचे तेव्हा खिशात चिकूसाठी चिकू असायचाच. एक दिवस मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बेन, आपण डुप्लिकेट आणू. तुम्ही त्याला सेम कलर करा. काकांना समजणार पण नाय."

खरं सांगते, मला ती आयडिया फार आवडली. बायकांच्या पांढऱ्या केसांचे काळे करते, मग एका बोकडाचा दुसरा बोकड करायला कितीसा वेळ लागणार?

हसुभाईंनी चारोटीच्या एका ओळखीच्या माणसाला फोनवर फक्त रंग आणि उंची सांगितली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मी रंगाचा वाडगा कालवून तयारच होते. फळी उघडली, डुप्लिकेट खाली उतरला आणि माझा हात वाडग्यातच राहिला. रंग जुळत होता, उंची जुळत होती, पण ती शेळी होती. तीही दुभती!

हसुभाईंना अजून काही कळलं नव्हतं. "केवो छे? सेम टू सेम ने?" ते अभिमानाने विचारत होते. आणि नेमके शिडवाकाका मागेच उभे. काकांनी शेळीकडे बघितलं, माझ्या रंगाकडे बघितलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. हसून हसून ते खालीच बसले. "शेठ, देवीला काय चा पाजायची हाय?"

आम्हीही हसलो. मग काका डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "शेठ, माझी पोरगी वाचली, ती काय डुप्लिकेट वाचली?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मला माझीच लाज वाटली. त्या शेळीचा पुढे हसुभाईंच्या वाडीत मोठा थाट झाला. डुप्लिकेटचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही.

* * *

शूटिंग संपलं. होळी झाली. काकांनी नवसाच्या दिवसाचं सगळ्या युनिटला आमंत्रण दिलं. जाववत नव्हतं, पण काकांचा मान म्हणून सगळे गेलो.

आता दोन गोष्टी आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहिली देवीची. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं की देवीने तो स्वीकारला. नाही झाडलं तर परत शिंपडतात, वाट बघतात. दिवस मावळेपर्यंत झाडलं नाही, तर देवीला तो नको असं समजून तिच्याच नावाने मोकळा सोडतात. पण काकांच्या पाड्यावर असं झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पाणी पडलं की कुठलंही जनावर अंग झाडणारच!

दुसरी आमच्या शूटिंगची. चिकूचे केस चमकावेत म्हणून मी दर शॉटच्या आधी त्याच्या अंगावर पाणी मारायचे. सुरुवातीला तो लगेच अंग झाडायचा, कॅमेऱ्यावर शिंतोडे उडायचे आणि शॉट वाया जायचा. म्हणून निखिलसरांनी त्याला चिकूच्या फोडी देऊन देऊन शिकवलं, की पाणी पडलं की पुतळ्यासारखं उभं राहायचं. सर 'कट' म्हणाले, की मगच अंग झाडायचं!

देवीसमोर सगळा पाडा जमला होता. काकांची मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. देवीची पूजा करणाऱ्या भगताने हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, तांब्यातलं पाणी घेऊन चिकूच्या पाठीवर शिंपडलं.

चिकू ताठ उभा राहिला. मान वर, नजर समोर.

भगताने परत शिंपडलं. चिकूने कानसुद्धा हलवला नाही. लोक कुजबुजायला लागले. भगताने पाणी बदललं, फुलं बदलली, देवीची माफी मागितली आणि अख्खा तांब्या उपडा केला. पाणी पोटाखालून ठिबकत होतं आणि चिकू आपला अवॉर्ड घ्यायला आल्यासारखा उभा!

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मी निखिलसरांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. हसुभाईंनी डोळे मिटले होते. कॅमेरामन, लाइटवाले, मफलर सोडून आलेले मुख्याध्यापक, सगळ्यांना कळलं होतं आणि 'कट' हा शब्द कोणी चुकूनही उच्चारणार नव्हतं.

आणि मग माझं लक्ष शिडवाकाकांकडे गेलं. शूटिंगचा एकही दिवस न चुकवता सेटवर बसलेला माणूस तो. त्यांना तो शब्द पाठ होता.

भगत घामाघूम झाला होता. शेवटी काकांकडे वळून म्हणाला, "शिडवा, तू तर रोज जायचास त्या पिक्चरवाल्यांकडं. तिकडं काय बोलायची रं, ह्याला हलवाया?"

सगळा पाडा काकांकडे बघायला लागला. काका चिकूकडे बघत होते. मग त्यांनी लेकीकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. देवीला हात जोडले आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले.

"तिकडं मानसं बोलायची," काका म्हणाले. "हितं देवीला बोलू दे."