मागितली तरी देऊ नका

"पाणी झाका गंऽऽ! कापडं आत घ्या! पोरं दारात सोडू नका, औषध मारतोय!"

द्राक्षांच्या हंगामात आमच्या वाडीची सकाळ या आरोळीने उजाडायची. मी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. तिथे सकाळी देवळातल्या घंटा ऐकायची सवय. लग्न होऊन तासगावकडच्या या वाडीत आले आणि पहिल्याच सकाळी ही आरोळी कानावर पडली, तेव्हा मला वाटलं, गावात भांडण जुंपलंय. धावत बाहेर आले तर दगडी गडग्यापलीकडे एक उंच, काळासावळा माणूस ट्रॅक्टर उभा ठेवून त्याच्या पुढे पायी चालत होता. कान फवारणीच्या मोरचुदाने निळसर झालेले. मला बघून म्हणाला, "नव्या वैनी न्हवं? ती तुमची साडी वाळतीया दोरीवर, तेवढी आत घ्या. तवर मी थांबतो." आणि खरोखरच थांबला. साडी घरात गेल्यावरच ट्रॅक्टर पुढे हलला.

हे संपततात्या. आमचे शेजारी. स्वतःची अर्धा एकर बाग आणि एक फवारणीचा ट्रॅक्टर, त्यावर वाडीतल्या निम्म्या बागांना तेच औषध मारायचे. आरोळीशिवाय त्यांनी कधी फवारणी सुरू केली नाही. कुणाचं मांजर ओट्यावर झोपलेलं असलं तरी ते उचलून आत ठेवायला लावायचे. आमच्या सासूबाई कुरकुरायच्या, "एवढं काय त्याचं? द्राक्षावर मारायचं, मांजरावर न्हाई!" तात्या म्हणायचे, "मावशी, दुसऱ्याच्या अंगावर उडालं तर पाप. आपल्या अंगावर उडालं तर काम."

हे पाप-पुण्य उगाच आलेलं नव्हतं. उमेदीच्या काळात एकदा वाऱ्याने त्यांचं औषध शेजारच्या शेतातल्या माळव्यावर गेलं होतं. मेथी, कोथिंबीर, सगळी उपटून टाकावी लागली. ती पिकवणारी म्हातारी नुसती बांधावर बसून राहिली. तेव्हापासून तात्यांनी वाऱ्याचा धसका घेतला. बागेच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे, ओला हात गालावरून फिरवायचे आणि डोळे मिटून वारं बघायचे. तोंडाला फडकं कधी बांधलं नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "वारं गालाला कळतंय वैनी. फडकं बांधल्यावर काय कळणार, डोंबल?"

म्हणजे बघा, कुणाच्या मेथीवर थेंब जाऊ नये म्हणून हा माणूस सगळं आपल्या तोंडावर घेत होता. दुपारी घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा पांढुरका थर असायचा. त्यांची बायको हिराबाई अंगणातच बादली ठेवायची, अंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मग वाटीत गूळ आणि वर पेलाभर दूध. गूळ खाल्ला की औषध उतरतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. पण त्या गुळावर तात्यांनी अर्धं आयुष्य काढलं.

मग ते एक वर्ष आलं. दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. आभाळ कायम भरलेलं, बागांवर दावण्या रोग पडायला लागला. पाऊस यायच्या आधी फवारा, पाऊस गेला की पुन्हा फवारा. जो तो तात्यांच्या दारात. "तात्या, आज आमची बाग झालीच पायजे." तात्यांच्या तोंडून नाही हा शब्द निघायचा नाही. एका बागेतून ओलेत्या अंगाने दुसऱ्या बागेत जायचे.

त्या हंगामात माणूस बदलला. आधी झोप गेली. मग विसरायला लागले. एकदा आमचीच बाग मारून झाल्यावर तासाभराने पुन्हा टाकी भरून आले. हाताला कंप सुटला, चहा बशीत सांडायचा. जे कधी कुणाला अरे म्हणाले नव्हते, त्यांनी एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आणि मग तेच गोळा करता करता रडले. हिराबाई गडग्यापाशी येऊन मला म्हणाली, "ह्यो माजा मानूस न्हाई वैनी. दुसरंच कोनतरी घरात आल्यागत वाटतंय."

गाव काय, बोलायला टपलेलंच. एका लग्नात तात्या मांडवात झोकांड्या खाताना दिसले, डोळे बारीक झालेले, तोंडाला लाळ. पंगतीतला एक जण खिदळला, "तात्या लावून आलं वाटतं!" मी वाढत होते. वरणाचं भांडं तिथेच खाली ठेवलं. "आधी जवळ जाऊन वास घे, मग तोंड उघड," म्हटलं. "चहाशिवाय कशाला ओठ लावला नाही त्या माणसानं." पंगत माना खाली घालून जेवायला लागली. पण तात्यांना काय झालंय ते कुणाला कळलं होतं असं नाही. हिराबाईच्या माहेरच्यांनी तर बाहेरचं काहीतरी असेल म्हणून देवऋषी गाठला. त्याने लिंबू उतरवलं, अंगारा दिला. अंगारा कपाळाला लावून तात्या दुसऱ्या सकाळी फवारायला गेले.

एका दुपारी मी अंगणात बेदाण्याच्या काड्या काढत बसले होते. तात्या आले आणि पायरीवर टेकले. करदोट्याला बांधलेली किल्ली त्यांनी सोडवली. गाठ सुटेना. शेवटी सुटली तशी माझ्यापुढे ठेवली.

"वैनी, ही तुमच्याजवळ असू द्या."

"कसली?"

"औषधाच्या खोलीची."

"मला कशाला? मी काय बाग मारायला जाणाराय?" मी हसत म्हटलं.

ते हसले नाहीत. "मी मागितली तरी देऊ नका. रडलो, शिव्या दिल्या, तरी देऊ नका."

मी हातातले बेदाणे सुपात टाकले.

"सकाळी खोली उघडतो आन तितंच बसावं वाटतंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बाटल्यांकडं बघत. बाग आठवत न्हाई, हिरा आठवत न्हाई. काय दुःख हाय म्हनाल तर काय बी न्हाई. तीच तर भानगड हाय. दुःख न्हाई, आन जगावं वाटंना."

मला रडू फुटलं, आणि त्याच्या जोडीला रागही आला. कुणाचा, ते त्या वेळी कळलं नाही. एवढा धिप्पाड माणूस, स्वतःचीच भीती वाटते म्हणून शेजारणीच्या दारात आला होता. मी किल्ली उचलून पदराला गाठ मारली. "हिराबाईला सांगितलंत?"

"तिला कसं सांगू?"

"मी सांगते, आत्ताच. आणि तुम्ही इथून हलायचं नाही. ह्या काड्या काढा." सूप त्यांच्यापुढे सरकवलं. गडग्यावरून हिराबाईला हाक मारली. ती येऊन, सगळं ऐकून, तशीच जमिनीवर बसली. सुपातल्या दुसऱ्या बाजूच्या काड्या काढायला लागली. तिघं मिळून संध्याकाळपर्यंत बेदाणे साफ करत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि मिरजेला नेलं. डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं आणि मग कामाचं. तोंड झाकता का, हातमोजे घालता का, ओले कपडे किती वेळ अंगावर असतात. तात्या गालाने वारं बघायचं सांगायला लागले तसे डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "ही औषधं नसांवर, मेंदूवर परिणाम करतात. मनही खचतं. सगळं त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण फवारणी बंद. आणि गोळ्या मी म्हणेपर्यंत सोडायच्या नाहीत."

तात्यांनी एकच विचारलं. "मी येडा झालोय व्हय, डॉक्टर?"

"नाही. आजारी आहात."

बाहेर आल्यावर हिराबाई भिंतीला टेकली आणि कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला. "आजारच हाय," ती मला दोनदा म्हणाली.

फवारणी पुतण्याकडे, दिलीपकडे गेली. तो सकाळी माझ्याकडून किल्ली न्यायचा, औषध काढून कुलूप लावून लगेच परत द्यायचा. पहिल्याच दिवशी तात्यांनी त्याला दटावलं, "आधी तोंड बांध." दिलीप म्हणाला, "आन वारं कशानं बघू?" इतक्या वर्षांत तात्यांना हा प्रश्न पडला नव्हता. घरात गेले, हिराबाईच्या जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी टर्रकन फाडली आणि बांबूला बांधून बागेच्या कोपऱ्यात रोवली. हिराबाई ओरडली, "आवं, चांगलं लुगडं फाडलं की वो!" तात्या पट्टीकडे बघत राहिले. "एवढं सोपं हुतं व्हय," म्हणाले. पुढे वाडीतल्या प्रत्येक बागेच्या कोपऱ्यात लुगड्याची पट्टी आली.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. जरा बरं वाटल्याबरोबर तात्यांनी गुपचूप गोळ्या सोडल्या. एका सकाळी गडग्यापाशी उभे. "वैनी, किल्ली द्या. दिलीपला जमत न्हाई."

"नाही."

"माजी खोली, माजी किल्ली. तू कोन परकी बाई?" पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तू आलं. डोळे वेगळेच दिसत होते.

मी पदर मुठीत धरला. "हो, परकी. घाटावरची. देत नाही जा!" त्यांनी शिव्या दिल्या. आमचं फाटक गदागदा हलवलं. मग तिथेच रस्त्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. हिराबाईने त्यांना कवेत घेऊन घरी नेलं, त्याच दिवशी पुन्हा मिरज.

दवाखान्यात राहून आठवड्याने परत आले ते मान खाली घालून. गडग्याशी उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, किल्ली हाय न्हवं?"

"आहे."

"देऊ नका."

त्या दिवसापासून तो आमचा रोजचा रामराम झाला. सकाळ झाली की गडग्यापलीकडून हाक, "वैनी, किल्ली?" मी म्हणायची, "मिळणार नाही!" ते म्हणायचे, "बरं हाय," आणि चालू लागायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती थट्टा वाटायची. ज्या दिवशी हाक यायची नाही, त्या दिवशी मी चुलीवरचं दूध उतरवून त्यांच्या घरी जायची. चहा मागायची, बसायची, त्यांना काड्या काढायला लावायची. असे दिवस पुढेही येत राहिले, पण मधली अंतरं वाढत गेली.

आणि आरोळी? ती त्यांनी सोडली नाही. ट्रॅक्टर दिलीपचा, पण पुढे आरोळी देत चालणारे तात्याच. "पाणी झाका गंऽऽ!" आरोळी संपली की फवारा सुरू व्हायच्या आत लांब आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, सासूबाईंच्या मांजराला मांडीवर घेऊन.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी हाक आली होती, मी उत्तर दिलं होतं, "बरं हाय" म्हणून घरी गेले होते. चहा घेतला, भिंतीला टेकले आणि तसेच राहिले. गावातल्या डॉक्टरांनी हात धरून पाहिलं, हृदय बंद पडलं म्हणाले. पण माणसं जमली ती आपापसांत कुजबुजतच. मला ऐकू आलं, "काय घेतलं तर न्हाई ना?" डोळे सगळ्यांचे औषधाच्या खोलीकडे. हिराबाईनेही ते ऐकलं. तिने मान वर करून गर्दीत मला शोधलं.

मी पुढे झाले. पदराची गाठ सोडली आणि सगळ्यांना दिसेल अशी किल्ली तळहातावर धरली. कुजबुज थांबली.

"आपल्या मरनानं गेलं माजं मानूस," हिराबाई म्हणाली. रडतच म्हणाली, पण मान ताठ होती.

मग तिने माझा हात धरला आणि माझीच बोटं किल्लीवर मिटवली. अगदी हळू बोलली, फक्त मला ऐकू जाईल एवढंच.

"ठेवा वैनी. आता मी मागितली तरी देऊ नका."

हल्ली सकाळी गडग्यापलीकडून तिची हाक येते. मी कान देऊनच बसलेली असते.