तापाचा सहावा दिवस

"डेंगी आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "ताप कधीपासून येतोय?"

"कालपासून," मी सांगितलं.

खोटं होतं. ताप शुक्रवारपासून होता आणि तो दिवस मंगळवारचा. शेजारी माझी रूममेट मोनाली उभी होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "दुसऱ्याच दिवशी प्लेटलेट इतक्या कमी? नक्की कालच आला ना?" प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी. मी मान हलवली. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

का बोलले, तेही सांगते. मी नागपुरात विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्याकडे नियम आहे की ताप आलेल्या मुलीला घरी पाठवायचं आणि डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय परत घ्यायचं नाही. माझी प्रॅक्टिकल तोंडावर होती. नरखेडकडच्या माझ्या गावी एकदा गेले असते, तर आईने पंधरा दिवस सोडलं नसतं. म्हणून मुलींनी आपापसात रीत पाडलेली: ताप आला की तोंड बंद. संध्याकाळी मेसच्या दाराशी हजेरीची वही असते, तिच्यात आजारी मुलीची सही मैत्रिणीने करायची. शुक्रवार ते सोमवार माझ्या चार सह्या मोनालीने केल्या. वहीप्रमाणे मी ठणठणीत होते. खोलीत मात्र डोळे हलवले तरी कवटी ठणकत होती. मंगळवारी उभंही राहवेना, तेव्हा मोनालीने मला दवाखान्यात आणलं.

खोटी सही सापडली तर वसतिगृहातून नाव कमी होतं. मोनाली गडचिरोलीकडची. तिच्या काकांनी तिला सोडतानाच बजावलं होतं, एक तक्रार आली की सामान बांधायचं. मी "शुक्रवार" म्हटलं असतं, तर कागदावर शुक्रवार आला असता आणि दाखल्याबरोबर तोच कागद वॉर्डन मॅडमच्या हातात गेला असता.

"पाणी पीत राहा," डॉक्टर म्हणाल्या. "पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नको. आणि हे लक्षात ठेव, डेंगीत ताप उतरतो तेव्हा खरं जपायचं असतं. तुझा उतरायला अजून दोन-तीन दिवस आहेत. उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासू."

मी मनात मोजलं. त्यांच्या हिशेबाने दुसरा दिवस, माझ्या हिशेबाने पाचवा. तरी मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

बुधवारी सकाळी अंग थंड. मोनालीने थर्मामीटर पाहिलं आणि टाळीच वाजवली. "गेला वं तुझा ताप! पोहे आणतो थांब." मलाही वाटलं, सुटले. ती मेसमध्ये गेली आणि माझ्या पोटात कळ उठली. एक उलटी झाली, मग दुसरी. हात गार पडले, नखं निळसर दिसायला लागली. उठायला गेले तर भिंत सरकली. कोणीतरी वॉर्डन मॅडमना बोलावलं. त्यांनी आणि मोनालीने मला ऑटोत घालून सदर भागातल्या त्याच दवाखान्यात नेलं.

तिथे गर्दी होती. सिस्टरने कालचा कागद पाहिला. "तिसरा दिवस आहे, तापही नाहीये. बसा, नंबर आला की बोलावते."

आम्ही बाकावर बसलो. माझ्यापुढे अकरा माणसं होती. मी मरणार, असं मला स्पष्ट वाटत होतं. आणि तरीही मी मोनालीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, तिने काही बोलू नये म्हणून. भीतीला अक्कल नसते, हे मला त्या बाकावर कळलं.

तिने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि उभी राहिली.

"सिस्टर, तिसरा नाही, सहावा दिवस हाय. शुक्रवारपासून ताप होता हिले. वहीत सह्या मीच केल्या." मग वॉर्डन मॅडमकडे वळून म्हणाली, "मले काढा मॅडम, पण पहिले हिले आत घ्या."

सिस्टरने माझी नाडी धरली आणि जोरात हाक मारून व्हीलचेअर मागवली.

पुढचं तुटक आठवतं. बीपी एकदम खाली. प्लेटलेट बावीस हजार. हिमॅटोक्रिट वाढलेलं, म्हणजे रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपून रक्त घट्ट होत चाललेलं. डॉक्टर म्हणाल्या, "ही क्रिटिकल फेज आहे." ताप उतरल्यानंतरचे हे एक-दोन दिवसच माणूस हातचा जाण्याचे असतात. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. "आता प्रत्येक गोष्ट खरी सांगायची," एवढंच म्हणाल्या.

आयसीयूत दोन दिवस होते. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मी मोठ्याने रडले. मला आई हवी होती. ज्या आईकडे जायचं टाळलं होतं, तीच.

बाबा गावाहून आले. काचेपलीकडून पाहिलं, मग आत आले. "काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही घरी नेलं असतं."

"नेलं असतं ना! मंग? घरी का तुले कोणी खाऊन राहिलं होतं?" असं म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सामान न्यायला ते वसतिगृहात गेले, तेव्हा खिडकीतल्या कूलरचं झाकण त्यांनी उघडलं. कूलर जूनपासून बंद होता. पाणी मात्र तसंच होतं आणि त्यात मोनालीने मनी प्लांट लावला होता. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "आमी अळ्या खायले विहिरीत मासे सोडतो, अन् तुमी पोरी खोलीत डास पाळून राहिल्या काय वं!" मोनाली म्हणे ढसाढसा रडली. मग बाबांनीच तिला चहा पाजला आणि तिच्याकडून सगळ्या मजल्यावरचे कूलर रिकामे करून घेतले.

तिच्या घरी तक्रार गेली नाही. वॉर्डन मॅडम मला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "चार दिवस मी वही पाहिली. खोलीत डोकावले नाही. पत्र लिहायचं तर पहिलं माझ्याच नावाने लिहावं लागेल." आता त्या रोज संध्याकाळी दारोदार फिरतात, आणि ताप आला म्हणून कुणाला लगेच घरी धाडत नाहीत.

माझी प्रॅक्टिकल बुडालीच. पुढच्या सत्रात दिली.

तुमच्यापैकी कोणी वसतिगृहात असाल आणि डॉक्टरांनी "कधीपासून" विचारलं, तर बोटं मोजून सांगा. कोणाला वाचवायचं असेल तर ते नंतर बघता येतं.

परवा मला सर्दी झाली. दोनदा शिंकले. मोनाली पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "कितवा दिवस वं?"

"पहिला."

"खरा सांग."

"खरंच पहिला."

तरीही ती उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.